भोक नेमकं कुठे आहे?

मंडळी, एका गाडीपासूनच सुरुवात करतो. कासारवडवलीचं गिऱ्हाईक, टर्बो पेट्रोल गाडी, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा (टर्बो) असलेली. तक्रारी दोन. गायमुखचा चढ लागला की गाडी उचलत नाही, आणि माजिवड्याच्या सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग हातात थरथरतं. आधीच्या गॅरेजात सांगितलं होतं, टर्बो गेला, बदला.

टर्बो जातो, नाही असं नाही. पण जाताना खुणा सोडतो. आवाज बदलतो, निळा धूर येतो, पाइपात ऑइल साचतं. फिल्टरकडचा पाइप काढा आणि टर्बोचा दांडा (शाफ्ट) बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलणारच, तो ऑइलच्या थरावर फिरतो. पुढे-मागे खेळ लागला, किंवा पाती घासल्याचे ओरखडे दिसले, तर मात्र विषय संपला. इथे तसलं काही नव्हतं.

मग मला खटकलं ते हे, की दोन्ही तक्रारी एकदमच कशा सुरू झाल्या?

हवेचा रस्ता डोळ्यासमोर आणा. फिल्टर, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर, टर्बो, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, हवा कमी-जास्त सोडणारी झडप म्हणजे थ्रॉटल, आणि सिलिंडरांना हवा वाटणारा मॅनिफोल्ड. टर्बो ते थ्रॉटल या पट्ट्यात पाइप फाटला किंवा क्लॅम्प सैल झाला, तर चढावर फुस्स आवाज करून दाब पळतो, पण आयडलिंगला फारसा फरक पडत नाही, कारण तेव्हा तिथे दाबच नसतो. थ्रॉटलच्या पुढे भोक असेल तर गंमत वेगळी. आयडलिंगला मॅनिफोल्ड हवा ओढतो, म्हणून न मोजलेली हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), इंजिन थरथरतं. टर्बो भरला की त्याच भोकातून मोजलेली हवा बाहेर जाते. एकच भोक, दोन तक्रारी! (ज्या गाडीत एमएएफ नाही, नुसता मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर आहे, तिथे थरथरण्याऐवजी आयडल वर चढलेला दिसतो. तिथे फसू नका.)

स्कॅनर लावला. नुसता बिघाडाचा कोड वाचून पार्ट मागवायची सवय आपल्याकडे फार आहे. 'पी ०२९९' म्हणजे बूस्ट (टर्बोचा दाब) कमी, एवढंच. टर्बो मेला असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. मी आकडे बघतो. गरम इंजिन, एसी बंद, तर मॅनिफोल्डचा दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कल हवा. बाहेरच्या हवेचा १०० धरा. इथे ५२. फ्युएल ट्रिम, म्हणजे मिश्रण सावरायला गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतो ते, आयडलिंगला २२ टक्के वाढलेलं, आणि २५०० आरपीएमला ४ टक्क्यांवर. भोक तेवढंच, पण एकूण हवा वाढली की त्याचा वाटा कमी होतो. इथेच ऐंशी टक्के निदान झालं. कॉइल किंवा प्लगची मिसिंग असती तर आकडे असे हलले नसते.

आता भोक शोधायला आत धूर सोडायचा. फिल्टरच्या बाजूने सोडलात तर बराचसा बंद थ्रॉटलपाशीच अडतो. मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूम नळीतून सोडा. पाच मिनिटं काहीच दिसेना. मग टॉर्च खाली धरला तर मॅनिफोल्डमागे धुराची बारीक रेघ. पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डात परत नेणारी), वळणावर खालच्या अंगाला चिरलेली. वरून बघितली तर नवीकोरी. वाकवली की भेग तोंड उघडायची. उष्णतेने प्लास्टिक कडक होतं तेव्हा असं होतं. पावसाळ्यात उंदीरही असल्या नळ्या कुरतडतात, पण हे काम त्यांचं नव्हतं.

इंजिन चालू करून भेगेवर बोट दाबलं. थरथर थांबली. उचललं, पुन्हा सुरू. मालकांनी स्वतः दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "एवढंच होय हो?"

नळीचं बिल लावलं, आणि ती शोधायला लागलेल्या दोन तासांचंही.