मुलाखतीआधी आधार कशाला?

(सांगलीत पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली, त्यांचे पालक आणि काही लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सुरुवातीला एक मेसेज वाचून दाखवतो. इथल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये तो असेल, फक्त कंपनीचं नाव वेगळं असेल. "आपला बायोडाटा शॉर्टलिस्ट झाला आहे. उद्या सकाळी ११ वाजता मुलाखत. आधार दोन्ही बाजू, पॅन, पासबुकचं पहिलं पान, फोटो आणि सहीचा नमुना आज संध्याकाळपर्यंत या नंबरवर व्हॉट्सॲप करा." खाली माणसाचं नाव नाही, पत्ता नाही. 'एचआर टीम' एवढंच.

हा मेसेज खोटाच असतो असं मी म्हणत नाही. कुपवाडच्या आणि मिरजेच्या एमआयडीसीतल्या अगदी सरळमार्गी कारखान्यांतूनही असेच मेसेज जातात. मी लहान कारखान्यांची पीएफची आणि ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, कामं बघतो, त्यामुळं मेसेज पाठवणारा माणूस माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. तो चोर नसतो. मालकानं त्याला सांगितलेलं असतं, "सगळे कागद आधीच मागवून ठेव, नंतर मागं लागायला नको." माझं भांडण त्या 'आधीच'शी आहे.

एकेक कागद घेऊ. आधार लागतं पीएफसाठी आणि ईएसआयसाठी. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ येतो, दहा असली की ईएसआय, तोही महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला. दोन्हीची नोंद माणूस कामावर हजर झाला की सुरू होते. त्यातही २०२५ पासून नवा यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा खातेक्रमांक, कामगारानं स्वतःच सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढायचा असतो, म्हणजे तिथंही झेरॉक्सची फाइल काही करत नाही. पॅन लागतं पगारातून कर कापताना. ते दिलं नाही तर कापायचा कर २० टक्क्यांवर जातो, म्हणून ते द्यावंच, पण पगार सुरू होताना. पासबुक लागतं पगार जमा करायला. आता वीस जणांना बोलावलं आणि एकाला घेतलं, तर उरलेल्या एकोणीस जणांच्या पासबुकाचं काय लोणचं घालायचं?

सहीचा नमुना कशाला मागतात, हे मला आजवर एकाही कारखान्यात कुणी नीट सांगितलेलं नाही.

मालकांची बाजूही आहे, आणि ती खरी आहे. मुलाखतीला एक येतो आणि कामावर दुसराच हजर होतो. ऑनलाइन मुलाखतीत तर कॅमेऱ्यामागं बसून दुसराच उत्तरं पुरवतो. अनुभवाचे दाखले हवे तसे छापून मिळतात. तेव्हा समोर बसलेला माणूस तोच आहे ना, हे बघायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. पण त्यासाठी काय लागतं? कार्ड बघा, चेहरा बघा, नाव जुळतंय का बघा आणि कार्ड परत द्या. अर्ध्या मिनिटाचं काम. आधारच पाहिजे असंही नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदान ओळखपत्र, कॉलेजचं आयकार्डही चालतं. बघणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं, आणि सगळा घोळ या दोन्हींत फरक न केल्यामुळं होतो.

दुसरं कारण सांगतात ते वयाचं. "पोरगं अठराचं नसलं तर आम्ही अडकतो." बरोबर आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर घेणं गुन्हा आहे आणि अठराखालच्याला धोक्याच्या कामावर लावता येत नाही. फाउंड्रीवाल्यांना हे मी वेगळं सांगायला नको. पण वयासाठी आधार बघणारे चुकीचा कागद बघतात. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. पीएफ कार्यालयानं जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवताना आधारऐवजी शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरली. आपल्याकडं तर किती जणांच्या आधारवर फक्त जन्माचं वर्ष किंवा १ जानेवारी ही तारीख आहे! केंद्रावरच्या माणसानं विचारलं, आजीनं सांगितलं "दुष्काळाच्या आगंमागं", आणि त्यानं १ जानेवारी टाकली. वय बघायचं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला बघा. तोही बघा आणि परत द्या.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कलमं वाचायला लागलो की मागची रांग चहाला जाते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना वाट देणारा भाग रद्द केला. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कुणाला तुमचं आधार ऑफलाइन तपासायचं असेल, तर त्यानं तुमची संमती घ्यायची, आधारऐवजी दुसरं काय चालेल ते सांगायचं आणि आधार क्रमांक साठवून ठेवायचा नाही, असं आता त्यात आहे. वर २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. सरकारचंही या बाबतीत मन एक नाही, हे खरं. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोनच दिवसांत दिल्लीनं ते मागं घेतलं आणि नेहमीची काळजी घ्या म्हणून सांगितलं. लोकांनी काय घ्यायचं त्यातून?

काहीजण म्हणतात, परदेशात तर याहून कडक असतं. कडक असतं, पण वेळ ठरलेली असते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याची ओळख आणि कामाचा परवाना तपासावा लागतो. त्यासाठीचा फॉर्म भरला जातो नोकरी देऊ केल्यावर आणि ती स्वीकारल्यावर. कागद दाखवायला कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कामकाजी दिवस मिळतात, आणि यादीतले कुठले कागद दाखवायचे हे कर्मचारी ठरवतो. ब्रिटनमध्ये तपासणी कामावर रुजू होण्याआधी उरकावी लागते. काही मालक मुलाखतीलाच पासपोर्ट आणायला सांगतात, पण मग तो सगळ्याच उमेदवारांना सांगावा, आडनाव किंवा रंग बघून एखाद्यालाच नाही, अशी अपेक्षा असते. आपल्याकडंही आधारवर गाव, वडिलांचं नाव, वय, सगळं असतं. मुलाखत सुरू व्हायच्या आधीच समोरच्याला माणूस 'कळलेला' असतो. नको त्या अर्थानं कळलेला.

आता दिलेल्या झेरॉक्सचं पुढं काय होतं ते सांगतो. २०१९ च्या महापुरानंतर एका ऑफिसाबाहेर भिजलेल्या फायली उन्हात वाळत घातलेल्या मी पाहिल्या. दगड ठेवून एकेक पान पसरलेलं. त्यात नोकरी लागलेल्यांचे कागद थोडे होते. बाकीचे मुलाखतीला येऊन गेलेल्यांचे, कधीच न घेतलेल्यांचे. आधारवरचे फोटो शाई पसरून निळे पडले होते, पण बारा आकडे स्वच्छ वाचता येत होते. येणारा-जाणारा त्यावर पाय पडू नये म्हणून बाजूनं जात होता. पूर नसता आला तर तेच कागद कपाटात राहिले असते आणि कधीतरी रद्दीत गेले असते. लेबर कॉन्ट्रॅक्टरकडं दिलेले कागद तर त्याच्या गाडीच्या डिकीत फिरत असतात.

आणि मेसेज खोटा असला तर? आधार, पॅन, फोटो, सही, पासबुक: खातं उघडायला किंवा कर्ज काढायला याहून जास्त काय लागतं? काही ठिकाणी कार्ड चेहऱ्याशेजारी धरून सेल्फी मागतात. लक्षात ठेवा, कर्ज देणारी ॲप्स हेच मागतात. कारखान्याला तुमच्या सेल्फीचं काही काम नाही. दुसऱ्यांच्या आधार-पॅनवर बोगस कंपन्या काढून जीएसटी नोंदणी घेण्याचा प्रकार इतका वाढला, की मे ते जुलै २०२३ मध्ये देशभर खास मोहीम काढावी लागली. ज्याच्या नावावर कंपनी, त्याला कळतं ते थेट नोटीस आल्यावर.

कागद आधीच पाठवून बसलेल्यांनी घाबरू नका, पण तपासा. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' साइटवर दिसतं. आपलं नसलेलं तिथंच कळवता येतं. आपल्या नावावर कुणी कर्ज काढलंय का हे क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, दिसतं, आणि तो वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीनं फुकट द्यायचा आहे. आधारचे बोटांचे ठसे साइटवरून लॉक करता येतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, आणि तोही लगेच. उद्या बघू म्हणालात की पैसा पुढच्या खात्यात गेलेला असतो.

पुढच्या वेळी मेसेज आला तर काय लिहायचं? भांडू नका. "सर, मुलाखतीला येताना ओळखपत्र घेऊन येतो. निवड झाल्यावर लागतील ती कागदपत्रं जमा करतो. कंपनीचा पत्ता आणि कुणाला भेटायचं ते कळवावं." एवढंच. खऱ्या कंपनीतला माणूस पत्ता देतो. खोटा दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा घाई करतो आणि मग 'रजिस्ट्रेशन फी'वर येतो. द्यावंच लागलं तर मास्क केलेलं आधार डाउनलोड करून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि झेरॉक्सवर फोटोवरून जाईल असं आडवं लिहा: 'फक्त अमुक कंपनीच्या मुलाखतीसाठी', तारीख, सही. कोपऱ्यात लिहू नका, कोपरा कापता येतो.

मघाशी चिठ्ठी आली, बहुतेक एका आईची: "मुलगा नाही म्हणाला आणि नोकरी गेली तर?" जाऊ शकते, ताई. काही ठिकाणी अडून बसतात. अशा वेळी कंपनी खरी आहे, पत्ता बघितलाय, ओळखीचं कुणी तिथं आहे, तर मास्क केलेलं आधार वरच्यासारखं लिहून द्या; घर चालवायचं असतं हे मला कळतं. पासबुक आणि सहीचा नमुना मात्र तरीही नाही. आणि ओरिजिनल मार्कलिस्ट तर कुणाकडंच ठेवायला देऊ नका, मग तो कितीही मोठा कारखाना असो. पासपोर्ट तर कायद्यानं भारत सरकारच्या मालकीचा आहे. तो ठेवून घेणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

दुसरी चिठ्ठी कारखानदाराची दिसते: "मग न घेतलेल्यांचे कागद किती दिवस ठेवू?" निवड झाली नाही की त्याच आठवड्यात परत द्या नाहीतर फाडा. बायोडाटा पुढं कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवायचा असेल तर त्याला विचारून ठेवा. आधार-पॅन ठेवू नका. आणि फायलीतलं फाडून थांबू नका. तुमच्या एचआरवाल्याच्या फोनच्या गॅलरीत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तीच कार्डं पडलेली आहेत. सोमवारी जाऊन आधी तो फोल्डर उघडा.