पातळ तेलाची बदनामी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘हायब्रिड गाडीला कोणत्या ग्रेडचं इंजिन ऑइल?’ उत्तर एका ओळीचं आहे: गाडीच्या पुस्तिकेत छापलंय ते. एवढं बोलून खाली बसलो तर चहा अजून उकळलेला नसेल, म्हणून जरा मागून येतो.

तेलाच्या डब्यावर ‘०डब्ल्यू-२०’ असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला तो ‘डब्ल्यू’. पुष्कळांना तो ‘वेट’चा वाटतो, तो ‘विंटर’चा. आणि विंटर म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: “आमच्या नागपुरात मे महिन्यात ४५ अंश! हे जपानचं पाण्यासारखं तेल इथे टिकणार होय? वीस-पन्नास घाला.” म्हणजे २०डब्ल्यू-५०, जाड तेल. हे गॅरेजात ऐकू येतं, पंपावर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढतानाही ऐकू येतं. माझं खरं भांडण या वाक्याशी आहे.

एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३०० मानकात डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठलेल्या तेलाचा. शून्य म्हणजे शून्य अंश नव्हे. ०डब्ल्यू तेल उणे ३५ अंशांना ६२०० मिलिपास्कल-सेकंदांपेक्षा (हे दाटपणाचं एक माप) दाट होता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. नंतरचा आकडा १०० अंशांना तापलेल्या तेलाचा: २० ग्रेड ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक (हेही दाटपणाचंच माप), १६ ग्रेड ६.१ ते ८.२. हे पट्टे एकमेकांवर चढलेत, तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणून खरा फरक बघायचा तो एचटीएचएस या आकड्यात, म्हणजे १५० अंशांना बेअरिंगमधल्यासारखं रगडल्यावर किती दाटपणा उरतो त्यात. ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, २०ला २.६, १६ला २.३.

आता नागपूर. बाहेर २५ असो की ४५, थर्मोस्टॅट कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, ८०-९०च्या घरात धरून ठेवतो. उन्हाने तेलात फरक पडतो, पण ग्रेड बदलावी इतका नाही. उलट बाजू कुणी बघतच नाही. २० ग्रेडचं तेल ४० अंशांना साधारण ४० सेंटीस्टोक असतं, म्हणजे चालत्या इंजिनातल्यापेक्षा पाचपट दाट. वीस-पन्नास तर १६०च्या आसपास. म्हणजे भर उन्हात उभ्या गाडीतलं तेलही इंजिनाच्या लेखी गारच! (डिसेंबरातलं खोबरेल आठवू नका, ते थिजतं, ती गोष्ट वेगळी.)

“पण जाड तेलाने प्रेशर वाढतं ना?” वाढतं. अडथळा वाढला म्हणून वाढतं. मग पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल बेअरिंगकडे जायचं ते मागे वळतं. फिल्टरचा बायपासही उघडू शकतो, की गाळणीशिवायचं तेल आत. सकाळचा चहा न गाळता प्यायला कुणाला आवडतो?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. हायब्रिड राहिलंच की!

तर भरभर. हायब्रिडचं इंजिन एका फेरीत कितीदा तरी झोपतं आणि उठतं. विजेची मोटर त्याला क्षणात मिनिटाला हजारेक फेऱ्यांवर नेते. बेअरिंगला तेलाची गादी मिळते ती शाफ्ट फिरू लागल्यावर, म्हणून तेल चटकन पोचलं पाहिजे. हा झाला पातळाचा मुद्दा. उलट मुद्दाही खरा आहे: इंजिन मध्येच निवतं, छोट्या फेऱ्यांत पुरतं तापत नाही, आणि तेलात उतरलेलं पेट्रोल व पाणी उडून जात नाही. तेल आणखी पातळ होतं. त्यावर औषध जाड तेल नव्हे. किलोमीटर भरले नसले तरी महिने भरले की तेल बदला, आणि अधूनमधून गाडी अर्धा तास हायवेवर काढा.

टोयोटाच्या ०डब्ल्यू-१६च्या बऱ्याच पुस्तिका सांगतात: नसेल मिळत तर ०डब्ल्यू-२० चालेल, पुढच्या वेळी पुन्हा १६वर या. सतत वेगात किंवा जास्त ओझ्यावर वरचा आकडा बरा, हेही त्यांतच असतं. सात माणसं आणि सामान घेऊन रोज घाट चढत असाल तर २०चा विचार करा. वीस-पन्नासचा नको. आणि पुस्तिकेत २० असताना १६ तर मुळीच नको.

तपासताना गाडी सपाटीवर, इंजिन तापलेलं, आणि गाडी चालू असल्याचं सांगणारा ‘रेडी’ दिवा बंद. नाहीतर बॉनेटमध्ये हात असताना इंजिन आपणहून सुरू होईल. पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. तेल न भरताच पातळी वर चढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय, तर लगेच बदला. भरताना सगळं एकदम ओतू नका. प्रियसच्या १.८ इंजिनात फिल्टरसकट ४.२ लिटर जातं. ४ ओता, इंजिन चालवा, थांबा, बघा, मग उरलेलं. जास्त झालं तर क्रँक ते घुसळून फेस करतो. जुनं तेल सोडायच्या ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा.

आणि हे तेल ट्रान्सॲक्सलमध्ये, म्हणजे हायब्रिडच्या गिअरबॉक्समध्ये, ओतू नका, तिथलं वेगळं असतं. बाकीचे प्रश्न चहाच्या टेबलापाशी.