भारी कार्डाची फी

श्रोतेहो, नमस्कार. प्रवासासाठी भारी क्रेडिट कार्ड घ्यायचं तर कोणतं, हे मला बरेच जण विचारतात. मी आधी उलट विचारते, फी किती? आणि फीवर १८ टक्के जीएसटी धरला का?

माझा मामेभाऊ सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल काढतो. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिकडे निघाला होता. नेमके गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस! जानेवारीत सोलापूरच्या माणसाला कुणी गावाबाहेर बोलावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. असो. मुंबई विमानतळावर रात्री त्यानं लाउंजच्या, म्हणजे आरामात बसायच्या-खायच्या दालनाच्या दारात कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीनं ते एकदा लावलं, पुसून परत लावलं. "सर, होत नाहीये." मागच्या तिमाहीत कार्डावर ठरावीक खर्च झाला तरच लाउंज, अशी अट होती. हा सूतवाल्याचे पैसे थेट बँक खात्यातून, आरटीजीएसनं देतो, मग कार्डावर खर्च पडणार कुठून? गेटजवळ खुर्चीत बसून त्यानं भावजयीनं बांधून दिलेली कडक भाकरी सोडली. शेंगाचटणीचं तेल बोर्डिंग पासला लागलं. तिथूनच मला फोन. "अक्का, अकरा हजार आठशे भरलेत गं मी!"

दहा हजार फी, वर जीएसटी. म्हणून म्हणते, फी जीएसटीसकट धरा, आणि लाउंजची अट आधी वाचा.

मी त्याला फोनवरच सांगितलं, तिकडं दुकानातल्या कार्डाच्या मशीननं "रुपये की युरो" विचारलं तर युरोच दाब. रुपये दाबले की दुकानाचा महाग दर लागतो.

आता परदेशातला मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार. साध्या कार्डावर बहुधा साडेतीन टक्के, भारी कार्डावर दोनच्या आसपास, दोन्हींवर जीएसटी. म्हणजे लाखामागे ४,१३० ऐवजी २,३६०. वाचले १,७७०. नुसत्या त्यातून ११,८०० वसूल करायचे तर परदेशात साडेसहा लाखांच्या वर खर्च हवा. त्याचा झाला दोन लाख.

कार्डावरच्या खर्चाबद्दल मिळणारे पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिकिटासाठी वापरायच्या तिच्या पॉइंटांत वळवले तर जास्त किंमत येते, पण तिकिटं मिळायला तारखा मागेपुढे कराव्या लागतात. आणि बिल पूर्ण भरत नसाल तर पॉइंटांचा विचारच करू नका. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं.

भावानं दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या आधीच बिल चुकतं करून, उरलेले पॉइंट वापरून कार्ड बंद केलं. यंदा कमी फीचं घेतलंय, मार्कअप बघून.