बार्शी : ओसरीवरचं संशोधन

(दृश्य : बार्शीचा आडत बाजार, मग रुग्णालयाचं फाटक)

सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. भगवंताच्या देवळाचं आणि तुरीच्या बाजाराचं गाव. इथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयातल्या डॉ. बी. एम. नेने यांच्या संशोधनाचा पाया म्हणजे मोजणी. १९८७ साली टाटा रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या साथीने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भारतातली पहिली.

(दृश्य : ओसरीवर बसलेली कार्यकर्ती, मांडीवर वही)

शहरात दवाखान्याचे कागद चाळले की नोंद होते. इथे बाई दवाखान्यापर्यंत यायचीच नाही. मग वहीच गावात न्यायची. ‘पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जातंय का?’ हे चारचौघांत विचारता येत नाही. आधी पाऊसपाणी, लेकरंबाळं. सासू आत गेली की खरं उत्तर. संशोधन म्हणतात ते हेच, निदान आमच्या मते.

(दृश्य : तपासणी शिबिर, ट्रे, कापसाचा बोळा)

१९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. पहिल्या गटात हा बोळा, चार टक्के ॲसेटिक ॲसिडचा, घरच्या व्हिनेगरचाच भाऊ. गर्भाशयाच्या मुखाला लावून मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या पडतात. ही झाली व्हीआयए, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. दुसऱ्या गटात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, ती पॅप चाचणी. तिसऱ्यात मऊ ब्रशने नमुना घ्यायचा आणि हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए प्रयोगशाळेत शोधायचा. चौथा गट तुलनेसाठी, त्यांची वेगळी तपासणी नाही, नेहमीचीच सोय.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. त्या चौथ्या गटावरून पुढे वादही झाला.

(दृश्य : उपकेंद्राची पाटी, बाहेर रांग)

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली. आपली सरकारी मार्गदर्शिका २०१६ची. तीत या तपासणीसाठी व्हीआयएच लिहिलेली आहे.