गिअरबॉक्सला घोडे मोजता येत नाहीत

नमस्कार मंडळी. शर्यतीच्या गाड्यांबद्दल मी आज बोलणार नाही. तिथे दोन-चार शर्यती झाल्या की बॉक्स उघडतात, दात तपासतात, शंका आली की बदलून टाकतात. आपला विषय आहे ती गाडी, जिच्या इंजिनातून भरपूर ताकद काढलीये, पण जी सकाळच्या गर्दीतूनही न्यायचीये आणि हायवेवर सलग चार तासही चालवायचीये. तिला मॅन्युअल गिअरबॉक्स कुठला लावावा?

पहिला प्रश्न नेहमी ठरलेला असतो. ‘इंजिन ५०० हॉर्सपॉवरचं आहे, कुठला बॉक्स टिकेल?’ याला उत्तर नाही. गिअरच्या दातांना हॉर्सपॉवर कळतच नाही, कळतो तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७१२१, की आली हॉर्सपॉवर. आता एखादं लहान इंजिन ७५०० आरपीएमला ५०० हॉर्सपॉवर देत असेल, तर त्या क्षणी टॉर्क भरतो साधारण ४७५ न्यूटन-मीटर. टर्बो लावलेलं मोठं इंजिन तेवढीच ताकद ४५०० ला देत असेल, तर टॉर्क जातो ७९० वर. घोडे तेवढेच, पण दुसऱ्या गाडीतला बॉक्स दीडपटीहून जास्त भार सोसतोय. म्हणून डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात आला की शिखरावरचा घोड्यांचा आकडा सोडा आणि टॉर्कची रेघ सगळ्यात वर कुठे जाते ते बघा.

आता बॉक्सचे आकडे. बोर्ग-वॉर्नरचा टी-५ हा पाच गिअरचा बॉक्स १९८० च्या दशकात फोर्ड मस्टँगमध्ये आला आणि पुढे कित्येक गाड्यांत गेला. त्याची मस्टँगमधली नंतरची आवृत्ती ३०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटरची. त्याच घराण्यातली टी-५-झेड ३३० पाउंड-फुटांची. दोघांचा सांगाडा तोच. मग ताकद वाढली कशी? एकात पहिला गिअर ३.३५ चा, म्हणजे इंजिनाच्या ३.३५ फेऱ्यांना बाहेरचा शाफ्ट एकदा फिरतो, दुसऱ्यात २.९५ चा. हाच गिअरचा रेशो. इंजिनाचा टॉर्क आधी काउंटर शाफ्टवर, म्हणजे बॉक्समधल्या समांतर दांड्यावर, उतरतो, आणि उतरतानाच तो एकदा वाढतो. पहिला गिअर जितका ‘खोल’, म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी ही पहिली वाढ बहुधा जास्त ठेवलेली असते, आणि काउंटर शाफ्टवरचा प्रत्येक दात तितका जास्त भार खातो. म्हणजे बॉक्सच्या नावापुढचा आकडा वाचताना रेशो विचारल्याशिवाय तो वाचूच नये.

दुसरी गोष्ट कॅटलॉगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते: चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट यांच्या मध्यांमधलं अंतर. टी-५ मध्ये ते ७७ मिलिमीटर आहे. १९९२ च्या डॉज व्हाइपरबरोबर आलेल्या सहा गिअरच्या टी-५६ मध्ये ८५. फरक फक्त ८ मिलिमीटरचा, पण सगळी मापं त्याच प्रमाणात वाढवली तर दाताची सहनशक्ती अंतराच्या घनाबरोबर वाढते. ८५ भागिले ७७, त्याचा घन केला की १.३४ येतो. पोलाद बदललं नाही, उष्णतेची प्रक्रिया बदलली नाही, तरी तिसऱ्या हिश्श्याएवढी ताकद नुसत्या आकारातून आली. ‘आमचे गिअर खास पोलादाचे’ असं सांगणाऱ्याला मी आधी हे अंतर विचारतो.

आणि बॉक्स तुटतो कसा, हेही समजून घ्या. दात एकमेकांवर दाबले जातात तेव्हा ते शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलतात. शाफ्ट किंचित वाकतात, बाहेरचं कवच किंचित उघडतं, आणि दाताचा जो भार पूर्ण रुंदीवर पडायला हवा तो कडेवर सरकतो. कडेचा कोपरा उडाला की पुढचं सगळं पटापट होतं. १९६४ पासून फोर्डने वापरलेला जुना चार गिअरचा टॉपलोडर दणकट म्हणून ओळखला जातो, त्यामागे हेच आहे. गिअर वरून आत घालायचे, त्यामुळे कवचाच्या बाजूला मोठं भगदाड नाही, आणि कवच ताठ राहतं. जनरल मोटर्सच्या मन्सी एम-२२ ने वेगळी वाट धरली. त्याच्या दातांचा तिरकसपणा कमी ठेवला. तिरक्या दातांमुळे शाफ्टवर लांबीच्या दिशेने जोर येतो, तो कमी झाला. बदल्यात आवाज वाढला, इतका की लोकांनी त्याचं नाव रॉक क्रशर पाडलं. त्या आवाजावर जीव टाकणारी माणसं आहेत. रोज दोन तास तो कानाशी घेऊन बसायचं असेल तर मात्र जरा दमानं.

आता थोडं गणित करू, कारण इथे मजा आहे. १६०० किलोची मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. जोरात पळवताना समजा ६० टक्के वजन मागे गेलं, म्हणजे ९६० किलो. रस्त्याच्या चांगल्या टायरची पकड १ धरू, चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर. टायर घसरायच्या आधी अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त ३१०० न्यूटन-मीटर बसतात. मागचा, म्हणजे डिफरेन्शियलचा, रेशो ३.७३ असेल तर बॉक्सच्या मागच्या टोकाला ८३० च्या आसपास. टायर याहून जास्त मागतच नाही, मग इंजिन कितीही मोठं असो. हे ८३० आता एकेका गिअरने भागू. पहिला २.६६: इंजिनाकडून ३१३ पुरतात. दुसरा १.७८: ४६८. तिसरा १.३०: ६४१.

समजा आपलं इंजिन ६०० चं आहे. पहिल्यात आणि दुसऱ्यात टायर सुटतो, धूर होतो, बॉक्स वाचतो. तिसऱ्यात टायर सुटत नाही. सगळा ६०० चा भार दातांवर, आणि तोही सेकंदभर नाही, बराच वेळ. वर तिसऱ्या गिअरचं मेन शाफ्टवरचं चाक पहिल्यापेक्षा लहान, म्हणून तेवढ्याच टॉर्कला दातावरचा जोर मोठा. टी-५ वर जास्त ताकद टाकणाऱ्यांचा आधी तिसरा गिअरच का जातो, ते यातून कळतं. आता याच गाडीला ड्रॅग शर्यतीचे मऊ टायर लावा. पकड १.५ झाली, वजन ७० टक्के मागे गेलं, की ८३० चे जवळजवळ १४६० होतात. इंजिनाला हात लावलेला नाही, फक्त टायर बदललेत. म्हणून बॉक्स निवडताना इंजिनाइतकंच टायरचंही विचारावं लागतं. ते कुणी विचारत नाही.

हे झालं संथ भाराचं. झटका वेगळा. क्रँक आणि फ्लायव्हील मिळून जडत्व ०.२५ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरा. ५००० आरपीएमवर पाय क्लचवरून निसटला आणि दशांश सेकंदात इंजिन २००० आरपीएमने खाली आलं, तर नुसत्या त्या फिरत्या वजनातून ५२० न्यूटन-मीटरच्या आसपास जादा येतात, इंजिनाच्या स्वतःच्या टॉर्कवर. हे सगळं बॉक्सपर्यंत पोचेल की नाही, ते क्लच ठरवतो. क्लच जेवढं धरू शकतो, तेवढंच पुढे जातं. तो या साखळीतला फ्यूज आहे. इंजिन ६०० चं असताना १२०० धरणारा क्लच घातलात, तर फ्यूज काढून जाडी तार लावल्यासारखं होतं. रस्त्याच्या गाडीला इंजिनाच्या टॉर्कपेक्षा २०-३० टक्के जास्त धरणारा क्लच माझ्या मते पुरे. मागचा अ‍ॅक्सल उड्या मारत असेल तर तो आधी बंद करा, कारण प्रत्येक उडीला टॉर्क पुढे-मागे आपटतो. त्याला कुठलाच बॉक्स फार दिवस पुरत नाही.

मग रेसिंगचा डॉग बॉक्सच का घालू नये? घाला हौस असेल तर. त्यात सिंक्रो, म्हणजे गिअर पडायच्या आधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारी कडी, नसतो, मोठे खुंटे एकमेकांत थेट घुसतात, गिअर झटकन पडतो. पण गर्दीत हलक्या हाताने, अर्ध्या मनाने गिअर टाकला की खुंट्यांच्या कडा घासतात, गोल होतात, आणि मग गिअर भाराखाली सुटायला लागतो. डॉग बॉक्सला हिसका देऊन गिअर टाकणारा हात लागतो. सिग्नलला उभं राहून घरी जाणाऱ्या माणसाचा हात तसा नसतो.

सिंक्रोवर किती काम पडतं तेही बघा. ६५०० वर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना बॉक्सच्या पुढच्या शाफ्टला ६५०० वरून ४३५० पर्यंत यावं लागतं. क्लचची तबकडी, पुढचा शाफ्ट, काउंटर शाफ्ट, सगळ्यांना हा सिंक्रो ब्रेक लावतो, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. जड तबकडीचा क्लच घातला की हे काम वाढतं, आणि माणूस म्हणतो बॉक्स खराब आहे.

रेशोचं गणित बहुतेक जण चुकवतात. टायरचा घेर दोन मीटरहून थोडा जास्त, मागे ३.७३, तर ताशी १०० किलोमीटरला थेट गिअरमध्ये, म्हणजे १ च्या रेशोत, इंजिन ३००० वर फिरतं. जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये सगळ्यात वरचा गिअरच थेट असतो, म्हणजे तासन्‌तास ३००० चा घोंघाट. ०.६३ चा सहावा असेल तर १८९०. ०.५० चा असेल तर १५००. आकडा गोड दिसतो, पण मोठ्या कॅमचं, म्हणजे वरच्या आरपीएमसाठी झडपा जास्त उघडणारं, इंजिन १५०० वर गचके देतं, आणि तुम्ही पाचव्यातच गाडी चालवत राहता. पहिला गिअर आणि मागचा रेशो यांचा गुणाकार १० च्या आसपास ठेवा. २.६६ ला ३.७३, २.९७ ला ३.४२, दोन्ही बरोबर बसतात. जास्त टॉर्कच्या गाडीत खोल पहिला गिअर घेऊन काही मिळत नाही. तो फक्त टायर जाळतो.

मग घ्यायचा कुठला? मेक्सिकोतल्या ट्रेमेकने १९९० च्या दशकात बोर्ग-वॉर्नरचा मॅन्युअल बॉक्सचा धंदा घेतला, त्यामुळे टी-५ आणि टी-५६ ही घराणी ट्रेमेकच्या छताखाली आली. ५५० न्यूटन-मीटरच्या आत आणि साध्या टायरवर असाल, तर पाच गिअरचा टीकेएक्स पाहा. तो ६०० पाउंड-फूट, म्हणजे ८१० न्यूटन-मीटरचा, वजन ४५ किलोच्या आसपास. त्याच्या आधीच्या टीकेओबद्दल तक्रार होती की वरच्या आरपीएमला गिअर पडताना कुरकुरतो. नव्यात ते बरंच सुधारलंय. भार त्याहून मोठा असेल तर टी-५६ मॅग्नम, सहा गिअरचा, ७०० पाउंड-फुटांचा, साधारण ९५० न्यूटन-मीटर. तो ६० किलोच्या घरात जातो आणि अंगानेही मोठा आहे. जुन्या गाडीत त्याच्यासाठी मधला बोगदा कापून वाढवावा लागतो. तो खर्च आणि ते पत्र्याचं काम आधी धरा, बॉक्स दारात आल्यावर नाही. मला विचाराल तर रस्त्याच्या बहुतेक गाड्यांना पाच गिअर पुरतात. सहावा हवा असतो तो मित्रांना सांगायला.

एक काम मात्र कुणीही टाळू नका. बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांना जोडणारं घंटेसारखं कवच, इंजिनाला बसवल्यावर, बॉक्स लावायच्या आधी, फ्लायव्हीलवर चुंबकाने डायल गेज उभा करा, टोक बेलहाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, आणि क्रँक हाताने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. सुई किती फिरते ते लिहा. एकूण फरक ०.१२५ मिलिमीटरच्या, म्हणजे पाच हजारांश इंचाच्या आत हवा. मध्य किती सरकलाय, तर सुईच्या फरकाच्या निम्मा. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल पिना, म्हणजे मध्य सरकवणाऱ्या खुंट्या, मिळतात, त्या त्या दिशेला फिरवून बसवायच्या. हे केलं नाही तर पुढचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकडा ओढला जातो. गिअर जड पडतात, शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग जातं, आणि किरकोळ पिनांसाठी अख्ख्या बॉक्सच्या नावाने शंख होतो.

इथे एक चिठ्ठी आलीये: ‘तेल कुठलं?’ कंपनी सांगते तेच. टी-५६ आणि फायबरच्या सिंक्रोचा टी-५ पातळ, ऑटोमॅटिकच्या बॉक्समध्ये घालतात तसलं एटीएफ पितात. ‘ताकद जास्त म्हणून तेल जाड’ हा हिशेब इथे चालत नाही. जाड तेलात थंड असताना सिंक्रोला पकड मिळत नाही आणि गिअर घासतो. डिफरेन्शियलसाठीच्या जीएल-५ तेलातली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, म्हणून तिथला उरलेला डबा इकडे ओतू नका.

दुसरी चिठ्ठी जुन्या बॉक्सची आहे. आधी तेल काढून पांढऱ्या भांड्यात घ्या. पिवळी बारीक चमक म्हणजे सिंक्रोचं पितळ. थोडी असेल तर चालेल. चुंबकाला नुसती राखाडी लापशी चिकटली तर तीही चालेल. टोकदार पोलादी कपचा निघाला, की किंमत विचारूसुद्धा नका. नंतर पुढचा शाफ्ट हातात धरून वर-खाली हलवा. त्याचं टोक पायलट बेअरिंगमध्ये बसल्यावरच स्थिर होतं, म्हणून थोडा खेळ असायचाच. पण खडखडला तर बेअरिंगं गेली आहेत. वरचं झाकण निघत असेल तर ते काढून प्रत्येक गिअर हाताने टाकून पाहा, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या स्लायडरचे, म्हणजे गिअर गुंतवणाऱ्या सरकत्या कड्याचे, दात टॉर्चच्या उजेडात बघा. त्यांची टोकं टोकदार हवीत. ती गोल झालेली दिसली तर आधीचा मालक क्लच न दाबता गिअर टाकायचा, असं समजा, आणि भाव करताना ते धरा.