आकडे जुळले तरच अपग्रेड

साताऱ्यात इंजिनिअरिंगची पोरं आणि रेसिंगचे शौकीन यांच्यासमोर झालेलं हे बोलणं, थोडी काटछाट करून.

आधीच सांगून टाकतो, इंजिनबद्दल आज काही बोलणार नाहीये, हॉर्सपॉवर ऐकायला आलेल्यांनी खुशाल चहा घेऊन यावा. आज विषय फक्त हवेचा, आणि तोही एका सीझनपुरता. २०२४ चा एफ वन, म्हणजे फॉर्म्युला वन रेसिंगचा सीझन बघा, २४ रेस, मार्चमध्ये बहारीनला सुरू आणि डिसेंबरमध्ये अबुधाबीला संपला. आपण टीव्हीवर बघतो तेव्हा वाटतं की गाडी तीच आहे, रंग तोच, नंबर तोच. पण मार्चमधली गाडी आणि डिसेंबरमधली गाडी शेजारी शेजारी उभी केली तर फ्लोअर म्हणजे गाडीचा तळ वेगळा, पुढचा विंग वेगळा, साइडपॉड म्हणजे दोन्ही बाजूंचे फुगीर भाग वेगळे, म्हणजे सांगाडा सोडला तर जवळपास नवीनच गाडी म्हणायची.

हवा एवढी महत्त्वाची का, तर डाऊनफोर्स. हवा गाडीला खाली दाबते, टायर रस्त्याला धरून राहतात, वळणाला ब्रेक कमी लागतो. आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो, म्हणजे ताशी १०० ला जेवढा असेल त्याच्या चौपट २०० ला. त्यामुळं फास्ट वळणं असलेल्या ट्रॅकवर सगळा खेळ याच्यावर. २०२२ च्या नियमांनी तर फ्लोअरखाली मोठे बोगदे परत आणले, ग्राउंड इफेक्ट (तळाखालच्या हवेनं गाडी खाली ओढायचा प्रकार), जो १९७८ मध्ये लोटस टीमनं मारिओ आंद्रेत्तीला चॅम्पियन करताना वापरला होता आणि १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा करून बंद केला होता.

आता गंमत अशी की तुमच्याकडं भारी कल्पना आहे म्हणून तुम्ही ती हवी तेवढी तपासू शकत नाही. टीमच्या वर्षाच्या खर्चाला कॅप म्हणजे मर्यादा आहे, २०२३ ते २०२५ मध्ये बेस आकडा साडेतेरा कोटी डॉलर होता, ड्रायव्हरचा पगार त्यात धरत नाहीत. ट्रॅकवर मन मानेल तेव्हा टेस्टिंग करायलाही बंदी. विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्यानं वारा सोडून तपासायच्या बंदिस्त जागेत, खरी गाडी नाही ठेवायची, जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल, आणि वारा सेकंदाला ५० मीटरच्या वर नाही, म्हणजे ताशी १८०. आणि रन्स, म्हणजे टनेलमधल्या चाचण्या, त्याही मोजून. आठ आठवड्यांच्या एका टप्प्यात बेस धरतात ३२०, त्यातले चॅम्पियन टीमला ७० टक्के म्हणजे २२४, आणि दहाव्या नंबरच्या टीमला ११५ टक्के म्हणजे ३६८. जिंकलात तर शिक्षा, हरलात तर बक्षीस. मला हा नियम मनापासून आवडतो, काही लोकांना तो खेळाचा अपमान वाटतो, वाटू दे.

तर मोजून दिलेल्या रन्समध्ये तुम्ही एक नवीन फ्लोअर शोधला, टनेल म्हणतंय एवढा डाऊनफोर्स वाढला, कॉम्प्युटरही तेच म्हणतोय. मग पार्ट बनवला, विमानानं पाठवला, शुक्रवारी, सरावाच्या दिवशी, गाडीला लावला, आणि गाडी हळूच. खरी पंचाईत इथं आहे, आणि माझं आज सांगणं एवढंच आहे की सीझनभराची डेव्हलपमेंट म्हणजे नवीन पार्ट किती आणले ते नाही, तुमचे कारखान्यातले आकडे आणि ट्रॅकवरचे आकडे जुळतात का ते. कोरिलेशन म्हणतात त्याला.

न जुळायला काय होतं? चाळकेवाडीला सगळे गेलेले असाल. सज्जनगड मागं टाकून ठोसेघरच्या पुढं गेलं की पठारावर पवनचक्क्या दिसतात, त्या एकमेकींच्या मागं चिकटून का नाही उभ्या केल्या, जागा तर पडलीये. कारण पुढच्या पात्यांनी वाऱ्यातला जोर काढून घेतलेला असतो आणि वर तो घुसळून ठेवलेला असतो, मागच्या चक्कीच्या वाट्याला उष्टा वारा येतो. एफ वन गाडीत पुढचा विंग म्हणजे ती पुढची चक्की, आणि बाकी अख्खी गाडी त्याचा उष्टा वारा खाऊन जगते. म्हणून पुढच्या विंगची एक कड जरा वाकवली की मागं फ्लोअरच्या तोंडाशी येणारी हवा बदलते, तिथून डिफ्यूझरपर्यंत, म्हणजे तळाच्या मागच्या वर उचललेल्या टोकापर्यंत, सगळंच बदलतं. त्यात टायर फिरतोय, वळताना दबतोय, गाडी ब्रेकला नाक खाली घालतेय. हे सगळं मॉडेलमध्ये हुबेहूब येत नाही.

पोर्पोइझिंगचं उदाहरण घ्या. वेग वाढला की फ्लोअर गाडीला खाली ओढतो, फट इतकी कमी होते की हवेचा प्रवाह तुटतो, दाब जातो, गाडी वर उसळते, प्रवाह परत जोडला जातो, परत खाली, सेकंदाला कितीतरी वेळा. २०२२ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाला गाड्या पहिल्यांदा नीट पळाल्या तेव्हा बहुतेक टीमना हे तिथंच कळलं. टनेलमध्ये मॉडेल दांड्याला धरलेलं असतं आणि वारा १८० चा, तिथं ते उसळणार कसं? मर्सिडीजचं अख्खं वर्ष यात गेलं, जिंकली ती एकच रेस, ब्राझीलला, जॉर्ज रसेलनं.

मग शुक्रवारी काय करतात, तर रंग फासतात. फ्लो-व्हिझ. पातळ तेलात चमकणारी पावडर कालवलेली, हिरवी नाहीतर पिवळी, गाडी पिटमधून सुटायच्या आधी विंगच्या खाली, फ्लोअरच्या कडेला ब्रशनं थापायची. एक लॅप मारून गाडी आत येईपर्यंत तेल उडून गेलेलं असतं आणि रंगाच्या बारीक रेघा वाळून बसलेल्या असतात. रेघा सरळ मागं गेल्या असतील तर हवा पृष्ठभागाला धरून चाललीये. जिथं रंग साचलाय किंवा रेघा उलट्या फिरल्यात तिथं हवा सुटलीये, दाब गेला. लगेच फोटो, आणि मेकॅनिक अंगानं गाडी झाकून उभे, कारण पलीकडच्या टीमचा माणूस कॅमेरा घेऊन टपलेलाच असतो. दुसरं म्हणजे रेक, नळ्यानळ्यांची मोठी जाळी चाकामागं बसवतात आणि प्रत्येक नळी हवेचा दाब मोजते. दिसायला भयानक, पण टनेल खोटं बोलतंय का हे तीच सांगते.

आता २०२३ ची मॅक्लारेन. पहिल्याच रेसला, बहारीनला, तिचा ड्रायव्हर नॉरिस १७ वा, दुसरा ड्रायव्हर पियास्त्रीची गाडी बंद. टीमनं सीझनआधीच कबूल केलं होतं की ठरवलेले आकडे गाठता आले नाहीत. ऑस्ट्रियाला नवीन पॅकेज, म्हणजे एकदम बरेच नवीन पार्ट, आलं, आधी फक्त नॉरिसला, आणि पुढच्याच आठवड्यात सिल्व्हरस्टोनला नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा. पुढच्या वर्षी मायामीला परत मोठं पॅकेज, तेही स्प्रिंट वीकेंडला जिथं प्रॅक्टिस एकच मिळते. आकड्यांवर भरवसा नसेल तर असलं धाडस कुणी करत नाही. नॉरिस तिथं पहिल्यांदा जिंकला.

फेरारीचं बघा, २०२४ मध्येच. बार्सिलोनाला अपग्रेड आणलं, कागदावर डाऊनफोर्स वाढला, पण फास्ट वळणांत गाडी परत उसळायला लागली. सिल्व्हरस्टोनच्या शुक्रवारी जुना आणि नवा दोन्ही घालून बघितले आणि रेसला जुनाच वापरला. स्वतः आणलेला पार्ट काढून ठेवायला मोठं काळीज लागतं हो, एवढे पैसे घातलेले, इटलीतले पेपर वाट बघत बसलेले. पुढं मोंझाला नवीन फ्लोअर आला, त्यांचा ड्रायव्हर लक्लेर टीमच्या घरच्या लोकांसमोर जिंकला. सीझनच्या शेवटी मॅक्लारेन ६६६, फेरारी ६५२. चौदा पॉइंट. उन्हाळ्यातले ते वाया गेलेले आठवडे तुम्हीच मोजा.

एकानं विचारलं की पुढच्या वर्षी नियमच बदलणार असतील तर चालू गाडीवर कशाला वेळ घालवायचा. बरोबर आहे, २०२५ मध्ये बऱ्याच टीमनी हेच केलं, टनेलचे रन्स २०२६ च्या गाडीला दिले. रेड बुल मात्र चालू गाडी सोडेना. मोंझाला नवीन फ्लोअर आणला, त्यांचा ड्रायव्हर वेरस्टापेन जिंकला, आणि ऑगस्टअखेर पहिल्या नंबरवरच्या पियास्त्रीच्या १०४ पॉइंट मागं असलेला माणूस शेवटी नॉरिसपेक्षा फक्त २ पॉइंटनं कमी पडला, ४२३ ला ४२१. लोक म्हणाले टायटलच्या नादात पुढचं वर्ष घालवतायत. टीम प्रिन्सिपल मेकीस यांचं म्हणणं वेगळं होतं, आपली डेटा बघायची पद्धत बरोबर आहे का हे याच गाडीवर तपासून घ्यायचंय, कारण २०२६ ची गाडी त्याच पद्धतीनं बनणार.