पाच वर्षांचे अनुदान आणि वाढणारे मूल

[दृश्य : टेबलावर तान्ह्या बाळाचा वजनकाटा, शेजारी कॅलिपर]

नवजात बाळाच्या खवाट्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजणारे हे साधन म्हणजे कॅलिपर. चिमूट जराशी खाली सरकली, तरी आकडा बदलतो. त्यामुळे पुण्याजवळच्या खेड्यातील बाळाची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाशी तुलना करायची असेल, तर दोन्हीकडचे मोजणारे हात एकाच पद्धतीने तयार व्हावे लागतात, आणि ते काम पत्रव्यवहाराने होत नाही. तरुण संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय अनुदानातील प्रवासखर्च पुष्कळांना चैन वाटतो. पण आकड्यांचा भरवसा बराचसा त्याच खर्चावर उभा असतो.

[दृश्य : पुणे जिल्ह्यातील एक गाव, सकाळची वेळ]

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर १९९३ साली सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केली. तिला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे, म्हणजे आरोग्य-संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या धर्मादाय संस्थेचे, अर्थसाहाय्य होते. दिवस जाण्याच्या आधीच २,४६६ स्त्रियांची नोंद झाली होती; त्यांपैकी जून १९९४ ते एप्रिल १९९६ या काळात गरोदर राहिलेल्या ७९७ जणींचा पुढे अभ्यास झाला. त्यांची बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन, पोटाचा घेर, दंडाचा घेर, सगळ्यांतच पुण्याचे बाळ लहान होते. खवाट्याखालची चरबी मात्र त्याने त्या मानाने राखून ठेवली होती. वरून किडकिडीत, आतून चरबी बाळगणारे हे भारतीय बाळ २००३ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने जगासमोर आणले. नुसत्या वजनकाट्यावर ते कधीच दिसले नसते.

हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली. गरोदरपणी सुमारे दोन तृतीयांश मातांना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, तर फोलेटची (हेही ब-गटातलेच एक जीवनसत्त्व) कमतरता अवघ्या एकीला. ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था, सर्वाधिक आढळला. हा निष्कर्ष छापून आला तो २००८ साली, म्हणजे अभ्यास सुरू झाल्यानंतर पंधरा वर्षांनी.

आता तरुण संशोधकाच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट मिळून चालवत असलेल्या ‘इंडिया अलायन्स’ची उमेदीच्या संशोधकांसाठीची फेलोशिप पाच वर्षांची असते, आणि अनेक अनुदाने तर दोन-तीन वर्षांतच संपतात. १९९३ साली एखाद्याला असे पाच वर्षांचे अनुदान मिळाले असते, तर १९९८ साली अखेरचा अहवाल लिहिताना त्याच्यापुढची मुले चार वर्षांचीही झालेली नसती आणि सहाव्या वर्षाचे रक्त अजून कोणी काढलेलेच नसते. म्हणून अशा अनुदानावर नवे गाव, नवी नोंदवही उघडण्यापेक्षा आधीच चालू असलेल्या दीर्घ अभ्यासात शिरून एकच नेमका प्रश्न हाती घेणे शहाणपणाचे ठरते. (नोंदवही सांभाळणाऱ्याचे नाव शोधनिबंधात किती वर येते, हा वेगळा आणि जरा नाजूक विषय आहे.)

त्यातही सारे दिवस संशोधकाच्या हाती नसतात. परदेशी सहकार्याच्या आरोग्य-संशोधनाला नीतिसमितीची संमती लागते, आणि शिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही. गावातल्या बाईच्या रक्ताचा नमुना कोठे जाणार, हे कोणीतरी विचारलेच पाहिजे. पण अनुदानाची मुदत त्या कागदपत्रांत सरू नये, याची तरतूद अनुदानाच्या मंजुरीपत्रातच असायला हवी.

[दृश्य : तोच वजनकाटा, तोच कॅलिपर]

२०१२ साली पुण्याच्या याच अभ्यासातील, आता किशोरवयीन झालेल्या मुलामुलींना बी-१२ पुरवण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे त्यांना मुले झाली, तेव्हा त्या बाळांचेही जन्मवजन घेण्यात आले.